आईच्या बोलण्याची फी

बाबा गेल्यानंतर आई मला रोज दुपारी फोन करायची. मी तो स्पीकरवर टाकून काम करत राहायचे आणि मधूनमधून ‘हं’ म्हणायचे. माझं ऑफिस अंधेरीला, साकीनाक्याच्या अलीकडे. लोकांच्या मेडिक्लेमचे कागद तपासणं हे माझं काम. कुणाचं कुठलं बिल पॉलिसीत बसतं आणि कुठलं बसत नाही, हे मी दिवसभर ठरवते. त्यामुळे कानाने एक ऐकायचं आणि डोळ्यांनी दुसरंच वाचायचं हे मला छान जमतं. आई दहिसरला एकटी, मी घाटकोपरला माझ्या संसारात. रोज फोन घेते म्हणजे मुलगी म्हणून माझं काही चुकत नाही, असं मला वाटायचं.

तिचं बोलणं ठरलेल्या वाटेने जायचं. आधी पाणी आलं की नाही, मग बांगडे कसे दिले, मग बिल्डिंगमध्ये कुणाचं कुणाशी वाजलं. आणि शेवटी हमखास तो रविवार. त्या रविवारी कालवणाला नारळ नव्हता म्हणून तिने बाबांना खाली पाठवलं. बाबा गेले, दुकानाच्या पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. ‘मी त्यांना धाडलं नसतं तर...’ इथपर्यंत ती आली की मी म्हणायचे, ‘आई, डॉक्टर म्हणाले ना, घरी असते तरी झालंच असतं.’ हे वाक्य मी क्लेमवर शिक्का मारावा तसं मारायचे. ती गप्प व्हायची. मग मी म्हणायचे, चल ठेवते, मीटिंग आहे. मीटिंग कधी असायची, कधी नसायची.

एकदा तिच्याकडे जेवायला गेले तर भेंडीच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट. आमटीतही खोबरं नाही. आमची आई मालवणची. नारळाशिवाय तिच्या हातून पाणीसुद्धा उकळत नाही असं बाबा चिडवायचे. मी फ्रिज उघडून पाहिला. घरात खोबऱ्याचा कण नव्हता.

‘महाग झालाय,’ आई म्हणाली.

निघताना समोरच्या आंटीने मला जिन्यात गाठलं. आंटी बोरिवलीच्या जुन्या गावठाणातली, ख्रिश्चन, बोलते मात्र आपल्यासारखीच मराठी. नवरा कधीच गेला, एकुलता एक मुलगा कॅनडात. ती आणि आई गेली कित्येक वर्षं एकमेकींच्या डब्यातलं खात आल्या आहेत. ‘तुझी आई एकच वेळ जेवते,’ ती म्हणाली. ‘आणि पहाटेपासून गॅलरीत उभी असते. बघ काहीतरी.’

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत फ्रिजशेजारी एक पोस्टर लावलेलं होतं. कर्मचाऱ्यांना आणि घरच्यांना व्हिडिओवर समुपदेशकाशी बोलता येईल, पहिले काही तास कंपनीच्या खर्चाने. ते पोस्टर मी रोज दही काढताना वाचायचे आणि विसरायचे. त्या दिवशी ॲप उतरवलं. इंग्रजी बोलणारे ढीगभर, हिंदी बोलणारेही पुष्कळ. मराठी निवडल्यावर मात्र यादी एकदम आटली. त्यातल्या पुण्याच्या एका बाईंचा गुरुवारी दुपारचा तास मोकळा होता.

आईला पटवणं सोपं नव्हतं. ‘माका येड लागूक नाय,’ ती म्हणाली. रागावली की तिची मालवणी बाहेर येते.

‘वेडाचं नाही गं ते. नुसतं बोलायचं असतं.’

‘नुसतं बोलायला पैसे?’

‘फुकट आहे. ऑफिसकडून. नाही घेतलंस तर वाया जाईल.’

वाया जाईल म्हटल्यावर ती वळली. आमच्याकडे शिळी भाकरीदेखील वाया जात नाही. पहिल्या गुरुवारी मी मुद्दाम सुट्टी घेऊन गेले, जेवणाच्या टेबलावर मसाल्याच्या डब्याला टेकवून तिचा फोन उभा केला आणि ॲप उघडलं. वरती माझ्या कंपनीचं चिन्ह झळकलं. ‘हे बघ,’ मी म्हटलं, ‘आहे की नाही ऑफिसचं?’ आईने चष्मा लावून ते चिन्ह नीट पाहिलं, पदर सावरला आणि मुलाखतीला बसावं तशी ताठ बसली. मी बाहेर जाऊन गॅलरीत उभी राहिले.

फुकटचे तास बघता बघता संपले. पुढे स्वतः भरायचे. सुटा तास घेतला तर महाग. एकदम गठ्ठ्याने घेतले तर स्वस्त, पण ठरलेल्या मुदतीत वापरले नाहीत तर बुडाले. मेडिक्लेममध्ये काही निघतं का पाहिलं, आणि माझं मलाच हसू आलं. इस्पितळात दाखल झालं तर गोष्ट वेगळी. घरी बसून बोलण्याला ना टाके पडतात ना सलाईन लागतं, त्यामुळे आमच्याकडच्या पॉलिसीत ते बसत नाही. असे क्लेम मी स्वतः चहा पिता पिता नाकारले आहेत. नवरा म्हणाला, ‘एवढे पैसे? त्यापेक्षा आईंना इकडे आण, मी ऐकतो त्यांचं.’ तो माणूस वाईट नाही, पण बातम्या ऐकताना घोरतो. मी माझ्या पगारातून गठ्ठा घेतला, मोबाईलवरून पैसे भरले आणि आईला सांगितलं की ऑफिसने तास वाढवून दिले. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं नाही. उलट पुण्य केल्यासारखं वाटलं.

त्यानंतर दुपारचे फोन कमी होत गेले आणि मग थांबलेच. मी केला तर म्हणायची, ‘काही नाही गो, बरं चाललंय. गुरुवारी बोलते ना त्यांच्याशी.’ खरं सांगते, पहिल्यांदा फोन आला नाही त्या दुपारी मी डबा निवांत खाल्ला. लोणच्याची फोड चोखून चोखून खाल्ली. नंतर मनात आलं की स्वयंपाकाला बाई ठेवतो तशी मी ऐकायला बाई ठेवली आहे. हा विचार टोचला, नाही असं नाही. पण महिन्याला पैसे भरले की टोचणी बंद व्हायची. मला वाटतं ती फी मी आईच्या बोलण्याची कमी आणि माझ्या सुटकेचीच जास्त भरत होते.

मग एक दिवस त्या पुण्याच्या बाईंचा ॲपवर निरोप आला. खातं माझ्या नावावर, म्हणून मला. ‘हा तास एका व्यक्तीसाठी असतो. गेल्या काही वेळा आईंसोबत आणखी एक बाई असतात आणि बराच वेळ त्याच बोलतात. मी दोघींनाही समजावलं आहे. त्या ‘हो’ म्हणतात आणि पुढच्या वेळी तेच होतं. काय बोलणं होतं ते मी सांगू शकत नाही, पण हे कळवणं भाग आहे.’ भाषा मऊ होती, पण माझं डोकं तापायला तेवढं पुरलं. पुढच्या गुरुवारी अर्धी रजा टाकून मी दहिसर गाठलं.

दार लोटलेलं होतं. टेबलाशी, फोनसमोर, आंटी बसली होती. मुठीत रुमाल. ‘...नाताळला पण फोन नाही केला,’ ती सांगत होती. आणि आमची आई आत ओट्याशी चहा गाळत होती. जणू घरी पाहुणे आलेत आणि ती यजमानीण. मला बघून आंटी चपापून उठली. फोनमधून बाई म्हणाल्या, ‘पुढच्या गुरुवारी बोलू,’ आणि पडदा बंद झाला.

‘आई, काय चाललंय हे?’

‘काय म्हणजे? हिचा पोरगा बोलत नाही हिच्याशी. हिने कुणाला सांगायचं?’

‘त्यांच्याकडे चर्च आहे, फादर आहेत.’

‘फादरला सांगितलं तर तो कुणाला नाही सांगणार गं,’ आंटी हळूच म्हणाली. ‘पण मी रडत बाहेर आले की अख्खं गावठाण विचारतं, काय झालं. नाहीतर आमच्यात हे कन्फेशन फुकटच असतं. फक्त टेकून टेकून गुडघे दुखतात.’

एरवी मी हसले असते. ‘आई, हा तास एकट्या माणसाचा असतो. त्यात असा वाटेकरी नाही घ्यायचा.’

‘फुकटचाच आहे ना? वाटला तर काय झिजला?’

‘फुकटचा नाही तो. माझ्या पगारातून जातो,’ मी म्हणाले, आणि आकडाही सांगून टाकला. आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढा आकडा होता तो.

एव्हाना आईने आंटीपुढे चहा ठेवला होता. आंटीने समोरचा कप उचलला, अर्धा चहा तसाच मोरीत ओतला, कप धुतला आणि पालथा घातला. इतक्या वर्षांत आंटीने आमच्या घरी कप धुतला नव्हता, आईने तो धुवू दिला नव्हता. मग ती स्लिपर घालून समोर गेली आणि तिचं दार लागल्याचा आवाज आला. तेव्हाच मला कळलं की मी माती खाल्ली. पण राग अजून उतरला नव्हता, म्हणून मी तशीच उभी राहिले.

आता आई पैशावरून मला झापणार, म्हणून मी तयारीत होते. तिने मात्र वेगळंच विचारलं.

‘म्हणजे तुझं ऑफिस देत नाही पैसे?’

‘नाही. ते कधीच बंद झालं.’

‘मग त्या बाई तुझ्या ऑफिसच्या नाहीत?’

‘त्या कधीच ऑफिसच्या नव्हत्या गं.’

‘वर तुझ्या ऑफिसचं चिन्ह होतं. तूच दाखवलंस मला.’

ती खुर्चीत बसली. आंटी उठली होती त्याच खुर्चीत. ‘आधी सांगायचं नाही होय?’ ती म्हणाली. ‘मी मेली पहिल्या दिवसापासून तुझं कौतुक करत बसले. माझी लेक किती करते, रोज फोन घेते, कामाला कशी वाघीण आहे. म्हटलं, वर कुणाच्या कानावर गेलं तर बढती तरी मिळेल हिला.’

‘आई, त्यांनी सांगितलं नव्हतं? तू बोलतेस ते कुणाला कळत नाही म्हणून?’

‘सांगितलं ना. पुन्हा पुन्हा सांगितलं. असं सगळेच सांगतात. तुझ्या बाबांना नव्हतं सांगितलं त्या साहेबाने?’

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. गिरणी बंद पडल्यावर बाबा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपला लागले. तिथे मालकाने एकदा एक गोडबोल्या साहेब आणून बसवला. एकेकाला आत बोलावून तो म्हणायचा, मनमोकळं बोला, काय अडचण आहे ती सांगा, बाहेर जाणार नाही. बाबा मनमोकळं बोलले. ओव्हरटाईमचं बोलले, मशीनच्या तुटलेल्या संरक्षक जाळीचं बोलले. पुढच्या महिन्यात ज्यांना घरी बसवलं त्यांत बाबा पहिले. नंतर दुसरीकडे काम मिळालं, पण तेव्हापासून आमच्या घरात नियमच होता: पगार देणाऱ्याच्या माणसाजवळ फक्त बरं बोलायचं. तो नियम मी विसरले, कारण मी आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. आई विसरली नव्हती. तिच्या लेखी त्या बाई माझ्या ऑफिसच्या होत्या, आणि तिची लेक तिथे कामाला होती.

‘कौतुक तरी किती वेळ करणार?’ आई म्हणाली. ‘तास सरता सरत नसे. म्हणून मग हिला बसवायला लागले. हिचा पोरगा काय तुझ्या ऑफिसात नाही. हिला तरी मोकळं बोलता येत होतं.’

मला खाली बसावंसं वाटलं, पण दुसरी खुर्ची आत होती. मी तशीच हिशेब लावत राहिले. त्या बाईंशी आई माझी नोकरी सांभाळून बोलत होती. मला ती फोन करत नव्हती, कारण मी तिला बोलायला माणूस दिलं होतं. म्हणजे इतके महिने आई कुणाशीच बोलली नव्हती. आणि त्याच महिन्यांत मी लोणच्याच्या फोडी चोखत होते. लाज वाटली. इतकी की मी तिच्यावरच ओरडले, ‘मग मला का नाही सांगितलंस? मला करायचीस ना फोन!’

‘तुला मीटिंग असते ना गो,’ ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘मग मी आता त्यांच्याशी बोलले तर ते तुझ्या ऑफिसला नाही कळणार?’

‘नाही.’

‘आणि तुला?’

‘मलाही नाही. विचारलं तरी त्या सांगणार नाहीत.’

‘पैसे तू देतेस. खातं तुझं. तुला कळणारच.’

मी परोपरीने सांगितलं, त्या बाईंचा निरोपही वाचून दाखवला. ती ऐकत होती, पण मान हलत नव्हती. जो पैसे देतो त्याच्या कानावर जातं, हे तिने आयुष्यभर बघितलेलं. माझ्या शब्दाला त्यापुढे काय किंमत? त्यात मी तिच्याशी आधीच खोटं बोलले होते. मग तीच म्हणाली, ‘तर मग मी भरते माझे पैसे. ह्यांच्या पीएफचं व्याज येतं ना बँकेत, त्यातून जाऊ देत. बोलायचं त्यांच्याबद्दलच आहे.’

मी ‘अगं कशाला, मी देते’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या नावाने नवीन खातं काढलं, तिच्या नंबरावर. बँकेचं मोबाईलवर जोडायला तिची संपूर्ण दुपार गेली. पिन टाकताना तिने दुसऱ्या हाताचा तळवा आडवा धरला, माझ्यापासून. त्या बाईंना मी निरोप टाकला, की आई आता स्वतः फी भरणार, दोन आठवड्यांतून एकदाच जमेल. त्यांचं उत्तर आलं की स्वतःच्या पेन्शनमधून वगैरे भरणाऱ्यांसाठी त्या काही तास कमी फीचे ठेवतात, फक्त विचारावं लागतं. लोकांची बिलं तपासून पोट भरणाऱ्या मला एवढ्या महिन्यांत ते विचारायचं सुचलं नव्हतं.

तिच्या स्वतःच्या पैशाच्या पहिल्या तासाला मी गेले होते, फोन लावून द्यायला. मसाल्याच्या डब्याला फोन टेकवला, ॲप उघडलं. आईने चष्मा लावून पडद्याची वरची बाजू तपासली. चिन्ह नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली.

‘तू समोर आंटीकडे जाऊन बस.’

‘मी गॅलरीत थांबते ना.’

‘गॅलरीत नको. ऐकू येतं.’

मी चपला घातल्या. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि कडीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘नारळाचं तुला माहीत आहे. निघायच्या आधी ते काय म्हणाले आणि मी काय बोलले, ते नाही माहीत.’ आणि तिने दार लावलं. आतून कडी घातल्याचं मला ऐकू आलं.

मी जिन्यात उभी राहिले. ‘मी त्यांना धाडलं नसतं तर’ हे तिचं वाक्य रोज तिथेच संपतं असं मी धरून चालले होते. ते संपत नव्हतं, मी संपवत होते. त्याच्या पुढे आणखी काहीतरी होतं, ते ती रोज दुपारी माझ्यापर्यंत आणायची, आणि मी डॉक्टरांचं नाव घेऊन ते परत पाठवायचे. आता ते माझ्यासाठी नव्हतं. पैसे मोजून ती ते दुसऱ्या कुणाला सांगणार होती, आणि ते काय आहे हे मला कधीच कळणार नव्हतं. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाशी बोलायचं, हे मीच तिला शिकवलं होतं.

समोरची बेल वाजवली. त्या कपाच्या प्रसंगानंतर मी एकदा येऊन माफी मागितली होती आणि आंटी ‘राहू दे गं’ म्हणाली होती. तुमचंही वेगळं खातं काढून देते म्हटलं तर नको म्हणाली. आज तिने दार उघडलं, माझ्यामागचं बंद दार पाहिलं आणि बाजूला झाली.

‘ये. मीटिंग नाही आज?’

‘नाही.’

तिने चहा टाकला. मी फोन पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, ‘मुलाचा आला का फोन?’ ती आधी दूध उतू जातंय का तेच बघत राहिली. मग गॅस बारीक करून तिथूनच सांगायला लागली, मुलाच्या लग्नापासून. तिचं काय चुकलं असेल ते ती शोधत होती, एकेक जुनी गोष्ट उचलून बघत होती. चहा हातात आल्यावर मध्येच माझ्या तोंडाशी आलं, ‘आंटी, तसं काही नसतं हो.’ मी चहाचा घोट घेतला आणि ते गिळून टाकलं.